गाडीखालचे सर

जालन्यात गाडीच्या बॉनेटवरून कौतुकानं हात फिरवणारे पायलीला पन्नास मिळतील. सर त्यातले नाहीत. ते गाडी बघतात ती खालून. दर रविवारी सकाळी दारातल्या लाल हॅचबॅकखाली सतरंजी सारायची, मोबाईलची बॅटरी लावायची आणि पाठीवर सरकत आत जायचं. बाहेर उरतात पायजमा आणि स्लिपरा. ट्यूशनचं विचारायला आलेल्या पोरानं "सर घरी आहेत का?" म्हटलं, की काकू सांगतात, "अर्धे आहेत."

वास्तविक गंजाची एवढी धास्ती मालवण-रत्नागिरीच्या माणसानं घ्यावी. तिथं खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस. जालन्यात तो सातशेच्या आतबाहेर. उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो, तिथं गंजायला पाणी कोण देणार?

पण सरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नसतं. परतूर-मंठ्याकडून पावसात जाऊन आलं, की काळी माती चाकाच्या वर थापून बसते आणि आठवडाभर ओल धरून राहते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात. ती बुजली, की पत्रा आतून सडायला लागतो, आणि रंगाला फोड येईपर्यंत मालकाला पत्ता नसतो. त्यामुळे सरांच्या खिशात पेनाबरोबर दातकोरणं असतं. सोयऱ्याच्या लग्नातही ते मांडवाबाहेर कुणाच्या तरी दाराची भोकं मोकळी करताना सापडतात.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हा गाव वेगावर खूष होतं. सर खूष होते ते चिखल नाही म्हणून. पुढच्या ट्रकनं उडवलेल्या खड्यानं बंपरमागच्या पत्र्यावर टवका पाडला, आणि महिनाभरात तिथं रुपयाएवढा तांबूस डाग आला. सरांनी त्याचे रोज फोटो काढले. नातवाचेही एवढे नसतील.

एमआयडीसीजवळच्या गॅरेजात मिस्त्रीनं गाडी रॅम्पवर घेतली.

"सर, हे निस्तं वरवरचं हाय. पत्रा ठणठणीत हाय अजून."

"आणि सायलेन्सर लाल पडलाय तो?"

"तो पडतोच. तापतो, गार होतो. समदीकडून अंडरबॉडी कोटिंग मारून देतो, बघायचं कामच नाही."

सर उसळले. गंजावरच काळं फासलं, तर ओल आत कोंडते आणि वरून सगळं छान दिसत असताना खाली पत्रा खाल्ला जातो. हे त्यांचं बरोबर होतं, आणि मिस्त्रीलाही ते माहीत होतं. मग रीतसर काम झालं. आधी तारेचा ब्रश, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खाचेत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण; त्यानं तो काळा पडून घट्ट बसतो. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात, आणि कोटिंग सगळ्यात शेवटी. द्रावण वाळेपर्यंत सरांनी मेहरौलीच्या लोहस्तंभावर तास घेतला: सोळाशे वर्षं उघड्यावर उभा, लोखंडात फॉस्फरस जास्त, त्याचाच थर त्याला राखतो.

"मंग सर, गाडी तिथंच लावत जा," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात भंगारानं भरलेला एक ट्रक कारखान्यांकडे गेला. त्यात मोटारींचे दरवाजेही होते. जालन्याच्या भट्ट्यांत असलं भंगार वितळून त्याच्या सळया होतात. सरांनी ट्रककडे पाठ केली आणि द्रावण वाळलं का ते बघितलं.

खालून गाडी आता शोरूमसारखी आहे. मात्र जालन्याचं ऊन बेचाळीसला जातं आणि ते वरून पडतं. टपावरचा क्लिअर कोट केव्हाच पापुद्रे सोडायला लागला आहे, लाल रंग विटून गुलाबी झाला आहे. कुरडया घालायला गच्चीवर चढणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते दिसतं. शेवटी काकूंनीच विषय काढला.

"टप ना?" सर सतरंजी झटकत म्हणाले. "तिथं पाणी साचत नाही."