सॉफ्टवेअरचा मानपान

घरच्या स्टुडिओसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या विषयावर मत द्यायला गाता यावं लागत नाही, वाजवता यावं लागत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत सॉफ्टवेअर घ्यावंही लागत नाही. चर्चा सगळी देण्याची चालते: इतके ट्रॅक, इतकी वाद्यं, इतके हजार लूप, शिवाय युरोपातल्या कुठल्याशा चर्चचा घुमारा मोफत. लग्नाच्या बैठकीत मुलाचं शिक्षण, पगार, फ्लॅट असं सगळं ऐकवून झाल्यावर मानपानाचा कागद हळूच पुढे सरकवावा, तसा हा मामला आहे. माझं म्हणणं एवढंच की तो कागद आधी मागून घ्यावा. सॉफ्टवेअर देतं काय हे नंतर बघू. ते आपल्याकडून मागतं काय, यावर निवड करावी. आणि ही परीक्षा पुण्यात घेऊ नये. तिथे वीज, वाय-फाय आणि क्रेडिट कार्ड या मागण्या आधीच पुरवलेल्या असतात, त्यामुळे त्या मागण्या आहेत हेच कुणाला कळत नाही. परीक्षा घ्यायची तर काठीला घ्यावी.

काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं जुन्या संस्थानाचं गाव. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. संगीताची टंचाई आहे म्हणून कुणी तिथे सॉफ्टवेअर घ्यायला निघालेलं नाही, हे आधी लक्षात घ्यावं. टिमली आणि रोडालीची गाणी या सगळ्या पट्ट्यात मोबाइलवर अखंड वाजत असतात. त्यासाठी मागच्या खोलीत गोधड्या टांगून, कीबोर्ड आणि संगणक मांडून स्टुडिओ थाटणारी पोरं आता कुठल्याही तालुक्यात निघतील. प्रश्न त्यांचा आहे.

यंत्राने मागायचं आणि संगीताने द्यायचं, ही रीत जुनीच आहे. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग गाणी तबकडीवर टिपायला कलकत्त्यात आला आणि गायिका गौहर जान यांनी त्याच्या भोंग्यात तोंड घालून गाणं म्हटलं, तेव्हा तबकडीची मागणी होती सुमारे तीन मिनिटांची. रात्र रात्र चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा आणि शेवटी आपलं नावही घाईघाईने सांगून टाकायचं. बाईंनी ते केलं, आणि झकास केलं. पुढे अब्दुल करीम खाँपासून हिराबाई बडोदेकरांपर्यंत सगळ्यांनी ही मागणी मान्य केली. मग भोंगा गेला, तबकडी गेली, टेप आली आणि गेली; पण गाणं तीन-चार मिनिटांचंच असावं ही समजूत मात्र राहिली ती राहिलीच. यंत्र निवृत्त होतं, त्याची अट नोकरीत कायम राहते.

आजच्या यंत्राची अट बघायची असेल तर नवा प्रोजेक्ट उघडावा. बहुतेक सॉफ्टवेअर वर कोपऱ्यात आपणहून लिहून मोकळं होतं: १२०, चार-चार. म्हणजे मिनिटाला एकशेवीस ठोके आणि चार-चार मात्रांचे खण. आपण अजून स्वेटरसुद्धा काढलेला नसतो आणि त्याचा ताल ठरलेला असतो. आता यात काठीच्या होळीतला बुद्या उभा करू. कमरेला वाळलेले भोपळे, अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर उंच टोप. तो नाचतो तेव्हा भोपळे आणि घुंगरं एकाच वेळी आवाज करतात, पण एकाच क्षणी करत नाहीत. ढोलाची गत अंगात आली की किंचित चढते, दमली की किंचित उतरते. सॉफ्टवेअरला हे सगळं ‘चुका’ म्हणून दिसतं, आणि क्वांटाइझ नावाचं बटण दाबलं की ते प्रत्येक ठोक्याला कान धरून जवळच्या रेघेवर उभं करतं. मग गाणं तालात येतं आणि नाच बंद पडतो. सुरांचंही तेच. बांबूच्या बासरीची भोकं पाडताना पियानोच्या बारा पट्ट्या विचारात घेतलेल्या नसतात. तिला सुरात आणणारं ऑटोट्यून १९९७ साली आलं ते अँडी हिल्डेब्रँड यांच्याकडून. हे गृहस्थ त्याआधी कंप लहरींवरून जमिनीखालचं तेल शोधण्याच्या धंद्यात होते. त्या गणिताबद्दल मला पूर्ण आदर आहे. सातपुड्यातल्या बासरीत त्यांना तेल सापडेल असं मात्र वाटत नाही. तेव्हा पहिली कसोटी ही, की ठोक्याची क्लिक आणि रेघांचं ग्रिड एका बटणात बंद व्हावं आणि पुन्हा आपल्या मनाने चालू होऊ नये. हे जवळपास सगळ्यांत होतं. पण जी सॉफ्टवेअरं मुळात तुकडे जुळवून ठेका रचण्यासाठी बांधली गेली, त्यांत ते प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखं असतं. बेल्जियमचं एफएल स्टुडिओ त्यांतलं. टिमलीचा कीबोर्डवरचा ठेका रचायला ते उत्तम, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. पण रात्रभरचा ढोल सलग धरून ठेवायचा तर त्याच्या स्वभावाला मुरड घालावी लागते.

दुसरी मागणी नेटची. ब्राउझरमध्ये चालणारी बरीचशी सॉफ्टवेअरं फुकट असतात, फक्त रेंज मागतात. महिन्याचं भाडं घेणारी तर आपण अजून भाडेकरू आहोत ना, याची अधूनमधून नेटवरून खात्री करून घेतात. सातपुड्यात रेंज टेकडीवर मिळते आणि ढोल खाली वाजतो. दोघांची गाठ घालायची कशी, याचं उत्तर कंपनीच्या मदत विभागाकडे नाही. तिसरी मागणी नव्या संगणकाची. अॅपलचं गॅरेजबँड फुकट आहे, फक्त त्याआधी अॅपल घ्यावा लागतो. लेटन्सीचा बागुलबुवाही याच कामाचा: आवाज संगणकात जाऊन परत यायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणून नवा घ्या! दहा-बारा मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण चार मीटर जातो. होळीच्या रिंगणात माणसं ढोलापासून याहून कितीतरी लांब नाचतात, आणि लेटन्सीमुळे पाय चुकला अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

या चाळणीतून माझ्या मते रीपर उरतं. विनअॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे काम. उतरवून घ्यायला वीसेक एमबी, जुन्या संगणकावर चालतं, पेन ड्राइव्हवर टाकून नेता येतं, परवान्यासाठी रोज नेटला हजेरी लावावी लागत नाही. साठ दिवस फुकट. त्यानंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना पैशांची आठवण करून देतं. वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा आहे आणि तो घ्यावा. आठवणीची खिडकी वर्षानुवर्षं बंद करत राहण्याचं कौशल्य आपल्याकडे आहे, पण ते संगीतातलं नव्हे. एकच आवाज टिपायचा असेल, आजीची गोष्ट किंवा एकटी बासरी, तर ऑडॅसिटी पुरे. ते २०००पासून खरोखर फुकट आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप: महागड्या सॉफ्टवेअरचा आवाजच वेगळा असतो. याची परीक्षा कुणालाही करता येते. तेच ट्रॅक दोन सॉफ्टवेअरांत घाला, लेव्हल आणि पॅन सारखे ठेवा, इफेक्ट लावू नका, दोन्हीकडून फाइल काढा. एक फाइल उलटी करून, म्हणजे तिच्या लहरीचं वर-खाली बदलून, दुसरीवर ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज शून्य येते. ती शून्य येते. आत बेरीज-गुणाकारच चालू असतो, आणि गुणाकार श्रीमंताघरी वेगळा होत नाही. दुसरा आक्षेप: मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स चालतं, आपलं काम तिथे कसं उघडणार? प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढावा. हा प्रकार १९९१चा आहे आणि सगळ्यांना वाचता येतो. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: हे सगळं कशाला, खिशात मोबाइल आहे की! मोबाइल कमी मागतो, हे माझ्याच तर्काने कबूल करायला हवं. पण त्याचा रेकॉर्डर आवाज आपणहून वरखाली करतो. ढोल पडला की तो घाबरून सगळंच दाबतो, ढोल थांबला की उत्साहाने वर करतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे रातकिडे व मागच्या माणसाचा खोकला ढोलाएवढे होतात. ही सोय बंद करता येणारं अॅप मिळालं, तर मोबाइललाही माझी ना नाही.

पैसे वाचले ते कुठे घालायचे? ढोलाचा ठोका डिजिटल मोजपट्टीच्या शून्यावर गेला की लहरीचं टोक कापलं जातं, आणि कापलेलं टोक जसंच्या तसं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून २४ बिटवर, सर्वांत जोरदार ठोका उणे बारा डेसिबलच्या आत ठेवून टिपावं. दोन साधे डायनॅमिक माइक, दोन इनपुटांचा इंटरफेस, आणि डेस्कटॉपऐवजी जुना का होईना लॅपटॉप. कारण विजेच्या तारेतून ५० हर्ट्झची घरघर येते, ढोलाचा खर्जही त्याच शेजारात राहतो, आणि एकाला चाळणी लावली की दुसरा गळतो. चार्जर काढून बॅटरीवर टिपलं की ही घरघर बहुधा जाते. म्हणजे लोडशेडिंग ही काठीच्या स्टुडिओची अडचण मानण्याऐवजी रेकॉर्डिंगची वेळ मानायला हरकत नाही. फ्रिज, पंखा आणि शेजारचा टीव्ही एकदम गप्प करणारं प्लगइन अजून निघालेलं नाही. तासाभराचं स्टीरिओ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला साधारण एक जीबी होतं, त्यामुळे रात्रभराच्या होळीला एक पेन ड्राइव्ह पुरतो. माइकची एक वायर मात्र जादा घ्यावी, कारण पहाटे होळी पेटायच्या वेळेला ती विकणारं दुकान जवळच्या मोलगीत उघडं असण्याचा संभव नाही.