पाच मिनिटांत आलो

परभणीतल्या एखाद्या कार्यालयात नवं मशीन येतं. खोक्यातून निघतं, त्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, आणि मग ते डोमेनला जात नाही. दोन दिवस शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येक जण त्याला आपापल्या परीनं समजावून पाहतो. तिसऱ्या दिवशी एका नंबरावर फोन लागतो. पलीकडून तीनच शब्द येतात, "पाच मिनिटांत आलो." बोलणारा त्या वेळी वसमत रोडवर आहे की जिंतूरच्या स्टँडवर, हे विचारायची रीत नाही.

त्यांना सगळे इंजिनियरसाहेब म्हणतात. जिल्ह्यात तालुके नऊ, आणि प्रत्येक तालुक्याला असा एक इंजिनियरसाहेब असतोच. डिग्रीचा कागद कोणी पाहिलेला नसतो, आणि मशीन बंद असताना तो मागायची कोणाची छाती होत नाही. एमकेसीएलनं २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू केला तेव्हाच्या पहिल्या पिकातले हे लोक. आधी क्लासमध्ये शिकले, मग तिथंच शिकवायला लागले, आणि क्लासची बिघडलेली मशीनं उघडता उघडता मास्तरकी मागं पडली. १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली आणि जिल्हा आटला, पण ह्यांचा मुलूख आटला नाही. वसमतचं जुनं गिऱ्हाईक ते अजून आपल्याच जिल्ह्यात धरतात.

पाठीला बॅग. तिच्यात पेचकस, क्रिम्पिंगची पकड, केबल टेस्टर, 'बूट', 'ड्रायव्हर' आणि 'लग्नाचे फोटो' अशा चिठ्ठ्या डकवलेले तीन पेनड्राइव्ह आणि कागदी पुडीत बांधलेले चपटे सेल. आल्या आल्या ते मशीनकडे बघतच नाहीत. आधी पाणी पितात, मग सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतात आणि विचारतात, "कोणी काई केलं का?"

"म्या तर हातसुदिक लावला नाही," पाच तोंडांतून एकच वाक्य येतं. इंजिनियरसाहेब समाधानानं मान हलवतात. कोणीतरी काहीतरी केलंय, हे त्यांना तिथंच कळलेलं असतं.

डोमेन म्हणजे काय, हे ते महसूलच्या भाषेत समजावतात, कारण परभणीत ती पोराबाळांनाही कळते. सुटं मशीन म्हणजे भाडेकरू. डोमेनला गेलेलं मशीन म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलेला खातेदार. कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाचं दप्तर असतं. ते विंडोज २००० बरोबर जगात आलं. कोण माणूस, कोणतं मशीन, कोणाला कुठली फाइल उघडता येते, हे सगळं त्यात नोंदलेलं. नव्या मशीनची त्यात नोंद करायची म्हणजे फेरफार, आणि फेरफार एका खेपेत झाल्याचं कोणी ऐकलंय का?

पहिली अडचण पत्त्याची. मशीनला सर्व्हर कुठं बसतो हे ठाऊक नसतं. ते डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्याला, विचारतं. आणि नेमकं कोणीतरी, नेट जोरात चालावं म्हणून, डीएनएसच्या रकान्यात गूगलचे चार आठ टाकून ठेवलेले असतात. ८.८.८.८ ला साऱ्या दुनियेचे पत्ते विचारा, चुटकीसरशी सांगेल. पण ह्या कार्यालयाच्या आतल्या सर्व्हरचं नाव त्यानं कधी ऐकलेलंच नसतं. "आपण म्हणतो ना, जगात जर्मनी, भारतात परभणी," इंजिनियरसाहेब आठ खोडता खोडता सांगतात, "तसं ह्याला जर्मनी म्हाईत हाय, परभणी म्हाईत नाही." मग तिथं आतल्या सर्व्हरचा आकडा बसतो. निम्मी मशीनं एवढ्यावरच सुधारतात.

दुसरी अडचण घड्याळाची. डोमेनच्या दारावर राखणीला कर्बेरोस नावाची पद्धत बसलेली असते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत ती १९८० च्या दशकात घडली आणि ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या कुत्र्यावरून तिचं नाव पडलं. आपल्या दत्तगुरूंपाशी चार कुत्री असतात. ग्रीकांचं एकच, पण त्याला तोंडं तीन. ह्या कुत्र्याचा एक दंडक आहे. मशीनच्या आणि सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की ते ओळखच देत नाही. उभ्या परभणी जिल्ह्यात पाच मिनिटांना पाचच मिनिटं मानणारा हा एकमेव प्राणी.

मशीनचं घड्याळ मागं का पडतं? आत मदरबोर्डावर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीस म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड, दाब तीन व्होल्ट. मशीनला लाइट मिळत नाही तेव्हा घड्याळ ह्या सेलवर चालतं, आणि आपल्याकडं लाइट न मिळण्याचे तास काही कमी नाहीत. सेल संपला की मशीन दर सकाळी कुठल्यातरी जुन्या सालातल्या १ जानेवारीला जागं होतं. इंजिनियरसाहेब झाकण काढतात, पेचकसाच्या टोकानं सेल उचकतात, जिभेवर टेकवतात, तोंड वाकडं करतात आणि पुडीतला नवा बसवतात. जिभेवर टेकवायची काहीच गरज नसते. पण भोवती जमलेल्यांना वैद्य आल्यासारखं वाटतं.

तिसरी अडचण नावाची. मशीनचं जुन्या पद्धतीचं नाव पंधरा रोमन अक्षरांपुढं जात नाही. आपल्याकडच्या हुद्द्यांचा पंधरा अक्षरांत तर श्वासही सुरू होत नाही. एका ठिकाणी आस्थापना शाखेच्या दोन मशीनांना 'परभणी एस्टॅब्लिशमेंट एक' आणि 'दोन' अशी कौतुकानं नावं दिली. पंधराव्या अक्षराला दोन्हींची शेपटी तुटली आणि दोघं सख्ख्या नावाचे झाले. दुसरं मशीन डोमेनला गेलं आणि पहिल्याच्या खात्यावर जाऊन बसलं. दुसऱ्या सकाळी पहिलं मशीन उघडलं तर पडद्यावर, डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. शाखेतल्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सारी शाखा साहेबांच्या केबिनकडं बघू लागली. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं हे अवघड केलं. त्याच नावाचं आधीचं खातं दप्तरी शिल्लक असेल, तर ते सहसा मागणाऱ्यानंच किंवा बड्या अधिकाऱ्यानं काढलेलं असेल तरच पुन्हा वापरता येतं. थोडक्यात, वारसाची संमती जोडा.

चौथ्या अडचणीवर मात्र औषध नाही. खरेदी समितीनं तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त मशीन घेतलेलं असतं आणि त्यात विंडोजची होम आवृत्ती निघते. ती डोमेनला जातच नाही; तिच्यात ती सोयच नाही. "होम म्हंजी घरचं," इंजिनियरसाहेब समितीच्या अध्यक्षांकडं न बघता म्हणतात, "त्याला हापिसात बसवलं तरी ते घरचंच राहातंय." वरच्या आवृत्तीच्या परवान्याची टिपणी सुरू होते, आणि मशीन पुढचे सहा महिने पत्ते खेळण्यापुरतं उरतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मात्र ह्यातलं काहीच लागू पडेना. पारा ४४ च्या पुढं. आवृत्ती बरोबर, सेल नवा, नाव आखूड. पत्ता आणि डीएनएस हातानं भरला की मशीन गप गुमान चाले. आपोआपवर ठेवला की पुन्हा भलताच आकडा. इंजिनियरसाहेबांनी काळी खिडकी उघडली, आयपीकॉन्फिग मारलं. सगळ्या कार्यालयाचे पत्ते दहापासून सुरू होणारे, आणि हे नवं मशीन १९२.१६८ घेऊन बसलेलं. म्हणजे गावात दोन तलाठी झाले होते, आणि दुसराही बिनधास्त उतारे वाटत होता.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. स्विचमधली एकेक वायर उपसून ते दिव्यांकडं बघत राहिले. अकराव्या वायरीला १९२ गायब झालं. मग ती वायर बोटांत धरून ते भिंतीकडेनं निघाले. टेबलाखालून, कूलरच्या मागून, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांच्या ढिगापर्यंत. वरचा बस्ता जरा सरकवला. आत एक घरगुती राउटर, दोन शिंगं वर करून, निळा दिवा लुकलुकवत बसलेला.

कपाटाशेजारच्या टेबलावर भाऊसाहेब. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला चौदा महिने. मोबाइलवर मॅच अडकत अडकत दिसायची म्हणून त्यांनी तो घरून आणला होता. वायर त्यांनी निळ्या भोकात खोचायची ती पिवळ्यात खोचली, एवढंच. इंजिनियरसाहेबांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेबांनी समोरची फाइल उचलली आणि फार मन लावून वाचायला घेतली. फाइल उलटी होती.

इंजिनियरसाहेबांनी वायर उपसली, राउटर गमछ्यात गुंडाळला आणि भाऊसाहेबांच्या डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी ठेवून दिला. मशीनवर येऊन डोमेनचं नाव भरलं, पासवर्ड मारला. क्षणभर पंख्याचा आवाज. मग छोट्या चौकटीत 'वेलकम' उमटलं आणि शिपाई चहा सांगायला पळाला.

"काय झालं होतं हो?" साहेबांनी केबिनमधून येत विचारलं.

"उन्हानं स्विच तापला व्हता, साहेब."

परभणीत मे महिन्यात ह्या उत्तराला कोणी आक्षेप घेत नाही. साहेबांनी दुसरा कूलर घेण्याचा प्रस्ताव तिथल्या तिथं तोंडी मंजूर केला.

सहा वाजत आले होते. इंजिनियरसाहेबांनी कॉल रिपोर्टाचं पुस्तक काढलं. 'दोष' ह्या रकान्यात 'उष्णता' लिहिलं आणि सहीला पान पुढं केलं. साहेब निघून गेले होते, म्हणून सही ज्येष्ठ म्हणून भाऊसाहेबांकडं आली. त्यांनी चष्मा पुसला, 'काम समाधानकारक झाले' असं वळणदार अक्षरात लिहिलं, सही केली, खाली शिक्का उमटवला. 'लागलेला वेळ' हा रकाना कोराच राहिला होता. इंजिनियरसाहेब दुपारी दोनला आले होते. भाऊसाहेबांनी पिशवी पायानं जरा टेबलाखाली सारली, पेनाचं टोपण काढलं आणि तिथं लिहिलं : ५ मिनिटे.