तारखेचे मानकरी

महाड-पोलादपूरच्या मुलखात, जिथे सह्याद्रीने सपाट भूमी अत्यंत कृपणतेने दिली आहे आणि जी दिली तिचेही वाटण्यांपायी गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे झाले आहेत, तिथे वाडीगणिक एक तरी असा गृहस्थ आढळतो की जो व्यवसाय विचारला असता 'शेती' असे सांगतो, परंतु ज्याच्या चित्ताचा आणि वित्ताचा खरा विनियोग बांधाच्या दाव्यात झालेला असतो. गाव त्यांना आबा म्हणते. मी तारखेचे मानकरी म्हणतो, कारण पालखीच्या मानकऱ्याला मान वर्षातून एकदा मिळतो, आबांना तो दर तारखेस मिळतो.

दाव्याचा विषय म्हणाल तर मोजणीच्या साखळीवरचा एक आणा. तेहतीस फुटांच्या साखळीचे सोळा आणे, म्हणजे आणा सुमारे दोन फुटांचा. शेजारच्या तात्यांनी पावसात ढासळलेला गडगा पुन्हा रचताना एवढा अलीकडे सरकवला, अशी आबांची तक्रार. आणि गडगा होता तिथेच असून हद्दीचा दगड आबांच्या तीर्थरूपांनीच पूर्वी हलवला होता, अशी तात्यांची कैफियत. या पट्टीतल्या रातांब्याबाबत न्यायालयाने 'जैसे थे' फर्मावल्यापासून दोन्ही घरे आमसुले विकत आणतात. वानरांना मात्र प्रतिवादी करायचे राहून गेल्यामुळे ती दर वैशाखात आपला कब्जा बिनदिक्कत शाबीत करतात.

आबांचे दप्तर मांजरपाटाच्या रुमालात बांधलेले असते. सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, मोजणीची 'क' प्रत, आणि कसर लागू नये म्हणून मधूनमधून कापराच्या वड्या. नकाशाची घडी नेमकी वादग्रस्त रेषेवर पडून कागद तिथे इतका विरला आहे की ती रेषा आता केवळ आबांनाच दिसते.

तारखेच्या दिवशी महाडला वेळेवर पोचवणारी एस. टी. एकच, सबब वादी आणि प्रतिवादी शेजारी-शेजारी बसतात. तात्यांजवळ सुटे पैसे कधीच नसतात, म्हणून दोन्ही तिकिटे आबा काढतात आणि संध्याकाळी ती रक्कम 'प्रतिवादीस प्रवास' अशी वहीत मांडतात. निकाल खर्चासह लागेल याविषयी त्यांना तिळमात्र संशय नाही. न्यायालयात पुकारा होतो, एक वकील मुदतीचा अर्ज देतात, दुसरे हरकत घेत नाहीत, आणि पुढची तारीख मिळताच आबांच्या मुद्रेवर कृतकृत्यता पसरते.

कोणी विलंबाविषयी हळहळले, तर आबा चवदार तळ्याचा दाखला देतात. तो दावा १९२७ च्या डिसेंबरात याच महाडच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. सार्वजनिक पाण्यावरील अस्पृश्यांच्या हक्काचा तो ऐतिहासिक झगडा. त्यातून आबांनी एवढाच बोध घेतला की पाण्याला जर दहा वर्षे लागतात, तर जमिनीला घाई करणे अशोभनीय होय.

गेल्या पौषात तात्यांनी अंथरूण धरले, तेव्हा आबा दोन्ही वेळा पेज घेऊन जाऊ लागले आणि वाडीला गहिवरून आले. वास्तविक प्रतिवादी निवर्तल्यास नव्वद दिवसांत त्याचे वारस दाखल करावे लागतात, अन्यथा दावा रद्दबातल होतो; आणि तात्यांचे मुलगे मुंबईस व लेकी चार तालुक्यांत विखुरलेल्या, हे आबांना तात्यांच्या मुलांहून अधिक पक्के ठाऊक होते. अशातच एके सायंकाळी थोरल्या मुलाने बापाच्या उशाशी बसून हळूच विषय काढला, "काका, आता दोघं मिळून मिटवून टाका की."

तात्या ग्लानीतून ताडकन उठून बसले. "बाप जिवंत असताना दावा मिटवायला निघालास?"

आबांनी पेजेची वाटी खाली ठेवली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच प्रतिवादीचे म्हणणे संपूर्ण कबूल केले.