गाडीच्या आधी तात्या

आमचे तात्या आयुष्यात कधी वेळेवर पोचले नाहीत. ते आधी पोचतात. लग्नाला जातात तेव्हा मांडववाले खांब रोवत असतात आणि तात्या त्यांना खड्डा अजून वीतभर खोल घ्यायला लावतात. सेनगावला बँकेचं कुलूप निघण्याआधी ते पायरीवर बसलेले असतात. शिपाई त्यांना रामराम घालूनच शटर वर करतो.

साखऱ्यासारख्या गावात ही सवय उगाच लागत नाही. एसटी चुकली की दुपार गेली. आली तरी बसायला मिळेल याची हमी नाही. म्हणून तात्यांनी एक कला कमावली आहे. बस थांबता थांबता तिच्यासोबत चार पावलं पळायचं आणि खिडकीतून उपरणं आत सोडायचं. नेम असा, की ते बाकावर पसरूनच पडतं: अर्धं खिडकीपाशी, अर्धं काकूंच्या जागेवर. मग दारातल्या रेटारेटीकडे बघत "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत तात्या सगळ्यांत शेवटी चढतात. पहिलं यायचं ते घाईनं चढायला नव्हे, निवांत चढायला.

रेल्वेचीही तीच गत. मीटरगेजच्या काळात हिंगोलीला गाडी उशिरा यायची आणि तात्या तिच्या मूळ वेळेच्याही आधी जाऊन बसायचे. 2008 साली ब्रॉडगेज झालं. 2024 पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहूनच सुटायला लागली. गाडी इथूनच सुटणार, जागा नावावर लिहिलेली, तरी तात्या आदल्या रात्रीच फलाटावर हजर. "गाडीचा काय भरोसा? निघाली आधी तं?"

अशा माणसाला मुंबईच्या लेकीनं मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढून दिलं. आई, बाबा, ती आणि जावईबापू. पुढची हकिगत काकूंच्या तोंडची आहे, म्हणजे खरी आहे.

जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि चढायला यांना दुपारी एक ते दोनची वेळ दिली होती. तात्या म्हणाले, "सकाळी आठला जाऊन बसू." लेक म्हणाली, "बाबा, सकाळी आधीचे प्रवासी उतरतात. मग खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, किराणा भरायचा. आधी जाऊन करायचं काय?"

जावईबापूंचं मत तिसरंच. ते शेवटच्या घंटेला धावणाऱ्या जातीचे. "दार बंद व्हायच्या थोडं आधी जावं. तपासणीला रांग नाही, खोलीही तयार." आणि मग त्यांनी टायटॅनिक काढली. 10 एप्रिल 1912 रोजी साउथहॅम्प्टनला बॉयलरवर कामाला घेतलेले स्लेड आडनावाचे भाऊ दारूच्या गुत्त्यात रेंगाळले. निघाले तर वाटेत आगगाडी आडवी आली. धक्क्यावर पोचेपर्यंत शिडी काढायला घेतलेली. त्यांना चढू दिलं नाही, म्हणून वाचले.

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे साखऱ्यात सांगू नका, जावईबापू. दारूला अजून एक कारण सापडंल."

शेवटी तोडगा काकूंनी काढला. त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, "दुपारचं जेवण तिकिटात धरलंय का?" धरलं होतं. आधी चढेल तो जेवेल, उशिरा जाईल त्याचं बुडालं. अकराला निघायचं ठरलं. साडेनऊला तात्या बॅलार्ड पिअरला उभे होते.

एकेकाळी याच धक्क्यावरून विलायतेच्या बोटीचे उतारू घेऊन फ्रंटियर मेल पेशावरकडे जायची, असं जावयानं सांगितलं. "बोटीसाठी गाडी थांबायची?" तात्यांना गलबलून आलं. "अन् आपल्यासाठी एसटी थांबंना!"

बॅगांना चिठ्ठ्या बांधून हमाल त्या घेऊन गेले, तेव्हा जाता येईल तिथवर तात्या बॅगेच्या मागं चालत राहिले. आधीचे प्रवासी अजून उतरतच होते. तात्यांनी लगेच दारापाशी जागा धरली आणि "उतरणाऱ्याईला उतरू द्या आधी" म्हणत मागच्यांना आवरलं. मागं अजून कुणीच नव्हतं.

जहाजात चढल्यावर पहिलं ताट तात्यांचं. दुसरं काम, पोहायच्या तलावाकाठच्या खुर्चीवर उपरणं टाकणं. थोड्या वेळानं तिथल्या पोरानं ते नीट घडी करून हसत हातात आणून दिलं. खाली बसायला माणूस नसेल तर खुर्ची अडवायची नाही, असा तिथला नियम. तात्या काकूंना म्हणाले, "कंडक्टर कडक आहे."

मात्र एका बाबतीत जगाला तात्यांच्या मागं यावं लागलं आहे. जहाज बुडायला लागलं तर कुठं जमायचं, जॅकेट कसं घालायचं, याची कवायत पूर्वी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चालायची. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्यांची कवायत व्हायचीच होती. बत्तीस माणसं गेली. आता नियम असा, की कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच झाली पाहिजे. इथं भोंगा वाजला तेव्हा तात्या-काकू ठरल्या जागी केव्हाचे उभे होते आणि जावईबापूंना शोधायला माणूस पाठवावा लागला. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं.

गोवा यायच्या आदल्या दिवशी सूचना आली: मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवा, त्या धक्क्यावर मिळतील. तात्यांनी त्या चहाच्या आधीच भरून, कुलूप लावून बाहेर मांडल्या. अंगातले मळके कपडेही त्यांनी त्यातच कोंबले आणि लुंगी-बनियनवर गोव्याची वाट बघत बसले.

सकाळी उतरायच्या रांगेत पहिला नंबर तात्यांचाच. बनियन, लुंगी आणि खांद्यावर काकूंची शाल.

"अहो, धोतर कुठाय?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

तात्या मान ताठ ठेवून म्हणाले, "पुढं गेलंय."