सहा महिन्यांचे बाबा

उन्हाळा लागला की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास हे बाबा दिसू लागतात. परवानगी सहा महिने राहण्याची, गाडी चालवता येत नाही, आणि पायी जावं असं जवळपास काही नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीची किल्ली सूनबाई त्यांच्या हाती देते, आणि जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस पुन्हा कामावर रुजू होतो.

पेटीत रोज पाकिटं. बहुतेक क्रेडिट कार्डाची, अधूनमधून विम्याचं. मुलगा ती न उघडताच टाकतो हे बाबांना बघवत नाही; कागद चांगला पाठकोरा असतो. म्हणून तेच उघडतात. 'आपल्याला आधीच मंजुरी मिळाली आहे' हे वाक्य काही पचत नाही. ऐंशीच्या दशकात स्कूटरच्या कर्जासाठी दोन जामीनदार घेऊन हा माणूस मॅनेजरच्या केबिनबाहेर तिष्ठलेला. अर्जाशिवाय मंजुरी? मग मुलाला एकटा गाठून हळूच, "काही अडचणीत नाहीस ना रे?" विम्याच्या पत्रात 'वैद्यकीय तपासणीची गरज नाही' असं दिसलं, तर आईंना काही सांगत नाहीत, जेवताना मुलाकडे निरखून पाहतात, एवढंच.

पण या बाबांना कमी लेखू नये. इथे जन्मलेली माणसं जे बारीक अक्षर कधी वाचत नाहीत, ते हे आधी वाचतात. तिथे त्यांना कळतं की १९७०च्या पतमाहिती कायद्यानुसार इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन यांसारख्या पतनोंद कंपन्यांना आपल्याकडच्या नावांची चाळणी लावून यादी बँकांना आणि विमा कंपन्यांना देता येते. मात्र यादीतून नाव वगळून घ्यायचा हक्कही तोच कायदा देतो, आणि तसं पत्रात छापणं सक्तीचं आहे. बाबांचा चेहरा उजळतो. कलम सापडलं!

मुलगा म्हणतो, "बाबा, ऑनलाइन दोन मिनिटांचं काम आहे." बाबा नियम दाखवतात: ऑनलाइन किंवा फोनवर केलं, तर फक्त पाच वर्षं. "म्हणजे तात्पुरती नेमणूक. आपल्याला कायम हवंय." कायमसाठी छापील अर्ज सही करून टपालाने पाठवावा लागतो. टपाल! बाबांना या देशाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटतो. अडतं ते सोशल सिक्युरिटी नंबरापाशी. तो कुणाला द्यायचा नाही असं मुलाला इथे आल्यापासून पढवलेलं, त्यामुळे बापालाही तो देत नाही. फ्रिजवर बाबांची स्मरणपत्रं लागतात, अर्थात पाठकोऱ्या कागदावर. शेवटी अर्ज जातो. सुनेचा वेगळा, कारण प्रत्येकाचं नाव वेगळं वगळावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पेटीत चार पाकिटं. आधी गेलेल्या याद्यांमुळे काही आठवडे ती येतच राहतात, शिवाय ज्या बँकेत मुलाचं खातं आहे ती लिहायची थांबत नाही, पिझ्झावाले आणि धर्मादाय संस्था तर नाहीच नाही. बाबा नोंद ठेवतात. निघायच्या सुमारास आकडा खरोखर उतरलेला असतो. ती वही आणि किल्ली ते रीतसर चार्ज दिल्यासारखी पुढच्या सहा महिन्यांसाठी आलेल्या व्याह्यांच्या हाती सोपवतात.

व्याही विमा कंपनीतून विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. वही चाळून ते हादरतात. "अहो, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवलीत? तीही माझ्या मुलीच्या नावाची?" विमानतळावरून गाडी परत यायच्या आत त्यांनी बारीक अक्षर वाचून काढलेलं असतं. ज्या नंबरावर नाव वगळतात, त्याच नंबरावर ते परत घालताही येतं. मुलगी दारातून आत पाऊल टाकते, तोच चष्मा कपाळावर चढवून ते विचारतात, "बाळ, तुझा तो सोशल सिक्युरिटी नंबर सांग बघू."