डावऱ्याला हसू नका

अहो, ऐकलंत का? जरा अशा भिंतीजवळ या, आवाज पलीकडे जातो. समोरच्या आजींनी नातवासाठी सराफ्यातून चांदीचा चमचा आणला. आपल्या खामगावची चांदी, तिला नाव ठेवायची सोय नाही. पण पोरानं तो धरला डाव्या हातात! झालं. आजी उसळल्या, "काऊन रे, डाव्या हातानं काऊन खातं?" चमचा काढून उजव्या हातात कोंबला, पोरानं पुन्हा डाव्यात घेतला. सून पातेल्यात डोकं घालून गप्प. तेवढ्यात आजोबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "असू दे, विदर्भाच्या टीममध्ये जाईल." आजींचा चेहरा असा काही पडला म्हणता...

आणि आजोबांचं चुकलं कुठे? २०१९ची रणजी फायनल आठवते ना? आपल्या जामठ्याच्या मैदानावर, सौराष्ट्राशी. आपल्या डावखुऱ्या आदित्य सरवटेनं ११ विकेट काढल्या. आणि पुजारा, तो चिवट पुजारा हो, एकदा १ आणि एकदा शून्य! दोन्ही वेळा सरवटेच्याच हातून. सलग दुसऱ्यांदा ट्रॉफी आपल्याकडे.

पण खरी गंमत पुढेच. तोच सरवटे २०२४-२५मध्ये केरळकडून खेळला आणि फायनलला समोर कोण, तर विदर्भ! तेही जामठ्यालाच. म्हणजे सासरच्यांची बाजू घेऊन माहेरच्या अंगणात भांडायला उभं राहायचं. पठ्ठ्यानं ७९ धावाही काढल्या. आमच्याकडे टीव्हीसमोर टाळी वाजवावी की नाही, यावरूनच दोघं भाऊ रुसले. शेवटी मॅच ड्रॉ झाली, पहिल्या डावाच्या आघाडीवर ट्रॉफी आपली, तेव्हा कुठे दोघं एका ताटात जेवले.

तर काय सांगत होते... हां, डाव्या हाताचं. अहो, हा हात नशीबही अजबच घेऊन येतो. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीचं बघा. १९९७, कोलंबो, टेस्टमधला पहिलाच चेंडू आणि अटापट्टू आऊट! घरात पेढे वाटायला घेतले असतील. मग जयसूर्या आणि महानामा जे चिकटले, ते ५७६ धावांची भागीदारी करूनच सुटले. लंकेच्या ९५२ झाल्या आणि कुलकर्णीच्या नावावर ७० ओव्हरमध्ये १९५ धावा, विकेट तीच एक, पहिल्या चेंडूवरची.

आणि नाशिकचे बापू नाडकर्णी? नेटमध्ये पिचवर नाणं ठेवायचे आणि त्याच्यावर चेंडू टाकत बसायचे म्हणतात. १९६४ला मद्रासमध्ये इंग्लंडला सलग २१ ओव्हर मेडन! ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ धावा. विकेट मात्र एकही नाही हो. हिशेबाला असा माणूस घरात असता, तर किराण्याचं बिल कधी वाढलंच नसतं.

सगळ्यात हळहळ वाटते ती पद्माकर शिवलकरांची. ५८९ फर्स्ट क्लास विकेट! १९७३च्या रणजी फायनलमध्ये तामिळनाडूला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. आणि टेस्ट? एकही नाही. का, तर त्याच वेळी बेदी होते, तेही डावखुरे, तेही फिरकीवाले. तिकडे हरियाणाचे राजिंदर गोयल, ७५० विकेट, त्यांचंही तेच. एका खुर्चीला तीन दावेदार, बसणार एकच. २०१७ला बोर्डानं दोघांना एकत्रच जीवनगौरव दिला. उशिरा का होईना...

आता कोपऱ्यावरच्या काकू म्हणतात, "पण सचिन तर उजव्यानंच खेळायचा ना?" मी म्हटलं, "खेळायचा उजव्यानं, पण सही करतो डाव्यानं!" काकू गप्प. त्यांचे जावई अमेरिकेत ते बॉलिंग खेळतात ना, भोकांत बोटं घालून मोठा गोळा सोडायचा, दहा पिना पाडायच्या. तिथेही अर्ल अँथनी म्हणून डावखुराच गाजलेला, १९७५ला एका मोसमात लाख डॉलर कमावणारा पहिला. उजव्यांची कुरकुर अशी, की लेनवर तेल लावलेलं असतं, उजवीकडचं सगळ्यांच्या गोळ्यांनी लवकर पुसलं जातं, डावीकडचं टिकतं. दुसऱ्याच्या यशाला तेल कारणीभूत, हे तिकडेही चालतं बरं का!

बरं, आजींना मी काय सांगितलं ते ऐका. रणजीच्या एका मोसमात सगळ्यात जास्त विकेट कुणाच्या? आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेच्या, २०२४-२५मध्ये ६९. त्याआधी बिहारचा आशुतोष अमन, ६८. मग उनाडकट, ६७. मग बेदी, ६४. चौघंही डावखुरे! तेव्हा पोरांचा हात बांधू नका, बाई. आणि तुमच्याकडे कुणी डावरं असेल, तर चेंडू त्याच्या डाव्याच हातात द्या.