निकलबुवा

नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून घाम गाळणारी माणसं अमेरिकेत पुष्कळ, पण बँजोवाल्यांची जात त्यांत सर्वांत कडवी. मिशिगनमधल्या आमच्या शेजारचे म्हातारबा त्यांतलेच. मनातल्या मनात मी त्यांना निकलबुवा म्हणतो. याच राज्यात, कॅलमझूला, बँजो बनवणाऱ्या गिब्सन कंपनीचा कारखाना होता. 1984 साली तो बंद पडला. 1925 पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथं घडलेले मास्टरटोन बँजो हे बुवांचं दैवत. ते परवडत नाही, म्हणून नव्या बँजोतच त्याची प्राणप्रतिष्ठा चालते.

24 हुक, तितकेच नट, पुडी ताणणारी कडी, हात टेकायची पट्टी, सगळं निकलच्या मुलाम्याचं हवं. क्रोमचं नाव काढलं की बुवा तोंड फिरवतात. "निळसर, थंड, बाथरूमचा नळ! निकलला पिवळट ऊब असते." आता क्रोमच्या पातळ थराखाली बहुधा निकलच असतं. बुवा ॲसिडनं क्रोम उतरवतात आणि खालचं निकल बघून पुन्हा कष्टी होतात. हल्ली मुलाम्याच्या टाकीतच चकाकी आणणारी रसायनं घालतात, त्यामुळे माल आरशासारखा निघतो. जुन्या टाकीतून तो मंद निघायचा, मग बफवर घासून झिलई आणायची. बुवांना त्या घासण्याच्या खुणासुद्धा हव्यात!

नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्जचे जुने कार्यक्रम ते आवाज बंद करून बघतात, नुसतं बँजोचं निकल न्याहाळायला. आमच्याकडचा चिंचेनं लख्ख घासलेला तांब्या पाहून मात्र त्यांच्या चेहऱ्यावर सुतक उतरलं.

निकल काळवंडायचं तंत्र असं : झाकणाच्या डब्यात तळाशी म्युरिॲटिक ॲसिडची वाटी, वर तारेला टांगलेले हुक. वाफ आपलं काम करते. वेळेवर बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं. एकदा झाकण सैल राहिलं. गॅरेजमधले पाने, करवती, काकूंची बागेची कात्री, सगळं न मागता गंजून पुराणवस्तू झालं. हुक तेवढे चकाकत होते. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि बुवांच्या ते लक्षातही आलं नाही.

हाताच्या पट्टीवर कोपराजवळ निकल झिजून खालचं पितळ डोकावलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. "रोज वाजवा, आपोआप झिजेल," काकूंनी सुचवलं. पण वाजवायला बुवांना वेळ कुठला? ते बारीक पॉलिश कागद घेऊन बसतात. निकलनं आवाज बदलतो असं ते शपथेवर सांगतात. मला तपासता आलेलं नाही, कारण बुवांच्या बँजोला तारा लावलेल्या मी अजून पाहिल्या नाहीत.

लबाडी मात्र अंगात नाही. जोडणी झाली की रिमच्या आत स्वतःचं नाव आणि चालू साल ते पक्क्या शाईनं लिहितात. तेव्हा जुना म्हणून कुणी बँजो दाखवला, तर पैसे मोजण्याआधी मागची तबकडी काढून आत बघून घ्या.